पुलाखालचा दूधसागर

अण्णांनी नोकरीतली अकरा वर्षं लोंढ्याला काढली. मीटर गेजचा जमाना, अण्णा मालगाडीचे गार्ड. कॅसलरॉक ते कुळे हा कर्नाटकातून गोव्यात उतरणारा घाट ते किती वेळा चढले-उतरले याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. दूधसागर बघितलाय का, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बघितलाय काय, त्याच्या पोटातनं गेलोय." पण पायथ्याशी कधी गेले नव्हते. ड्युटीवरचा माणूस गाडी सोडून धबधबा बघायला उतरत नाही आणि रजा मिळाली की तो घरी पळतो, ड्युटीच्या जागी नाही जात. यंदा पंचाहत्तरी झाली. काय करायचं विचारलं तर म्हणाले, "शाल-श्रीफळ काही नको. एकदा खालून दाखव."

एवढ्यावर आम्ही दोघं बाप-लेक निघालो. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात, कारण वाटेतले ओढे तेव्हा गाडीला पार होत नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्या सुरू होतात आणि धबधब्याला पाणीही असतं. मार्च-एप्रिलमध्ये जाऊन "एवढंसंच?" म्हणणाऱ्यांनी दोष धबधब्याला देऊ नये.

पहिला दिवस, म्हणजे रात्रच

मिरजेहून गोवा एक्सप्रेस रात्री उशिरा. मी एसीचं तिकीट काढत होते, अण्णांनी हाणून पाडलं. बंद काचेआडून घाट बघणं म्हणजे झाकलेल्या ताटाचा वास घेणं, म्हणाले. स्लीपरचं काढलं. शेजारच्या बर्थवरचे गृहस्थ रात्रभर घोरत होते आणि अण्णांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. गार्डच्या डब्यातल्या खडखडाटापुढे घोरणं म्हणजे अंगाई.

बेळगाव कधी गेलं कळलं नाही. अण्णांनी खांदा हलवला तेव्हा गाडी उभी होती आणि बाहेर धुकं होतं. "कॅसलरॉक. ऊठ."

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबते. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासतात. प्लॅटफॉर्मवर टॉर्चचे दोन ठिपके डब्यांच्या खालून सरकत होते, मधूनच लोखंडावर टण्ण असा आवाज. अण्णा खिडकीला गाल लावून ऐकत होते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथून पुढे परदेश होता, गाडी कस्टमवाले तपासायचे, हे त्यांनी मला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल. त्या रात्री एकशे एकावं झालं. इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार १८७८ चा. मुरगाव बंदरापासून निघालेली लाइन सह्याद्री चढून १८८८ मध्ये इथे येऊन इंग्रजांच्या लाइनीला भिडली. खालून वर येताना ३७ ला १ चा चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. कागदावर काहीच वाटत नाही. रेल्वेसाठी ही भिंत आहे.

गाडी हलली. घाटात वेग मुद्दाम कमी ठेवतात, चाकं रुळांवर कण्हत असतात. बोगद्यात शिरलं की आवाज डब्यात कोंडतो, बाहेर पडलं की एकदम रिकामं वाटतं. ब्रेकचा जळका, लोखंडी वास यायला लागला. मी नाकाला ओढणी लावली, अण्णांनी खोल श्वास घेतला. करंझोळचं स्टेशन गेलं. अण्णांच्या तोंडून काहीतरी पुटपुटणं चालू होतं. आधी मला स्तोत्र वाटलं, मग कळलं, ते बोगदे आणि वळणं मोजतायत.

"आता ऐक."

सुरुवातीला पत्र्यावरच्या पावसासारखं काहीतरी. मग गिरणीत शिरल्यावर घरघर अंगावर येते तसं. खिडकीतून गार तुषार आत आले आणि गजांवर दाणे दाणे जमले. डब्याचा उजेड बाहेर पडत होता तेवढ्या पट्ट्यात काळ्या दगडावरून काहीतरी पांढरं सरकत गेलं. दहा सेकंद असतील. मग परत बोगदा. घोरणाऱ्या गृहस्थांनी कूस बदलून कुणी खिडकी उघडी ठेवली म्हणून विचारलं.

"झालं," अण्णा म्हणाले आणि आडवे झाले. गाडी थेट धबधब्यावरून गेली आणि आम्हाला दिसला तो एवढाच.

दुसरा दिवस

कुळ्याला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. इतक्या पहाटे करायचं काय, म्हणून मी वैतागले होते. अण्णा मात्र यार्डाकडे तोंड करून बाकावर बसले आणि एक-एक इंजिन न्याहाळत राहिले. वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, ती इथे उभी असतात. "आमच्या वेळी लहान होती. आवाज मोठा होता."

स्टेशनजवळच एका घरात दोन खोल्या भाड्यानं देतात, तिथे सामान टाकलं. घरातल्या वहिनींनी चहा आणि भाजी-पाव दिला. वाटाण्याची पातळ भाजी, वरून नारळाचं वाटण, पाव सकाळीच भट्टीतून आलेला, वरचं कवच कडक आणि आतून ऊन-ऊन. अण्णांनी दुसरा पाव मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. प्रवासात ते जेवत नाहीत अशी आईची ताकीद होती.

जीपच्या रांगेबद्दल फार लिहीत नाही. लवकर जा, सुट्टीचा दिवस टाळा. एका जीपमध्ये सात जण. आमच्याबरोबर हुबळीचं एक जोडपं आणि पुण्याची तीन मुलं होती. लाइफ जॅकेट सक्तीचं. मिळालेलं जॅकेट कालच्या माणसाच्या घामानं की पाण्यानं कोण जाणे, ओलंच होतं. भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलं मोलेचं राष्ट्रीय उद्यान मिळून हे २४० चौरस किलोमीटरचं जंगल, त्यामुळे नाक्यावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक अडवतात. पुण्याच्या मुलांच्या चिप्स तिथेच संपवाव्या लागल्या. सकाळी साडेनऊला चार पाकिटं. मुलांनी तक्रार केली नाही.

रस्ता म्हणजे तांबड्या मातीत पडलेल्या दोन चाकोऱ्या. पहिल्या ओढ्याशी ड्रायव्हरनं गिअर बदलला, "पाय वर घ्या" म्हणाला आणि गाडी सरळ पाण्यात घातली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं, हुबळीच्या वहिनींच्या चपला तरंगायला लागल्या. त्यांनी कानडीत जे काही म्हटलं त्याचा अर्थ विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या ओढ्याला सगळे तयार होते. मधे एका झाडावर शेकरूची झुबकेदार शेपटी दिसली, नुसती शेपटी, बाकीचं शेकरू फांदीआड.

ड्रायव्हर गावचाच. अण्णा रेल्वेतले आहेत हे कळल्यावर त्यानं दुसऱ्या लाइनीचा विषय काढला. कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरण करायचं ठरलं होतं, गोव्यात त्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वन्यजीव मंडळाची त्यासाठीची मंजुरी रद्द केली. "तुमचं काय म्हणणं, काका?" अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "क्रॉसिंगसाठी तासन्तास थांबलोय मी त्या घाटात. रेल्वेवाला म्हणून विचारशील तर दुसरी लाइन पाहिजे. पण तासन्तास थांबलो म्हणूनच जंगल बघितलंय. तेव्हा मला विचारूच नकोस." माझंही मत न्यायालयाच्या बाजूनं आहे, पण मी त्या घाटात कधी रात्र काढलेली नाही.

जीप थांबते तिथून पुढे चालायचं. अंतर किलोमीटरभरच, पण वाट दगडांतून, मुळांतून, दोन-तीन ठिकाणी पाण्यातून. माझी सगळी काळजी अण्णांच्या गुडघ्यांची होती. ड्रायव्हरनं मागून "काका, सवकास!" म्हणून हाक दिली. अण्णा छत्रीची काठी करून, पायात साधे सँडल, एक दगड टेकत दुसरा पारखत चालले होते. आणि मी, खास या सहलीसाठी माळ्यावरून काढलेले ट्रेकिंगचे बूट घातलेली शहाणी, पाचव्या मिनिटाला थांबले. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून कुत्र्याच्या जबड्यासारखा उघडझाप करत होता. चार वर्षं न वापरलेल्या बुटाचा गोंद सुकतो, हे ज्ञान तिथे झालं.

अण्णांनी पिशवीतून सुतळीचं बंडल काढलं.

"हे कशाला आणलंत?"

"गार्डच्या पेटीत सुतळी असते."

निवृत्तीला सतरा वर्षं झाली, पेटी केव्हाच जमा झाली, सुतळी मात्र राहिली. दगडावर बसून त्यांनी बूट मांडीवर घेतला, तळाखालून दोन आडवे वेढे, टाचेमागून एक उभा, आणि गाठ अशी की ओली झाल्यावर आणखी घट्ट बसावी. मी पहिलीत असताना ते माझ्या दप्तराला अशीच गाठ मारायचे. आजूबाजूनं केशरी जॅकेटातली माणसं आम्हाला ओलांडून जात होती. पुण्याच्या एका मुलानं बुटाचा फोटो काढला, नंतर त्याच मुलाच्या हातातली केळी माकडानं नेली. दोन घटनांचा संबंध नाही, पण मला बरं वाटलं.

आवाज आधी येतो. मग झाडांमधून गार वारा. मग शेवटच्या मोठ्या दगडाला वळसा घातला की समोर.

दूधसागरची उंची ३१० मीटर सांगतात, चार टप्प्यांत. पण पायथ्याशी उभं राहिलं की हा आकडा पटत नाही. इतक्या जवळून टप्पे एकमेकांत मिसळतात, वरचा बराच भाग कड्याच्या खांद्याआड जातो आणि उरतो तो मान मोडेस्तोवर वर गेलेला पांढरा उतार. उतारच म्हणायला हवा. पाणी सरळ खाली कोसळत नाही. दगडाला धरून घरंगळतं, कंगोऱ्याशी आलं की फुटतं, त्याचा धूर होतो आणि तोच धूर खालच्या पायरीवर परत पाणी होऊन पुढे निघतो. मी एका कंगोऱ्यावर नजर ठेवून बसले. तिथे एक झुडूप होतं, दर दोन-चार सेकंदांनी पूर्ण झाकलं जायचं आणि परत डोकं वर काढायचं. अर्धा तास तरी त्याचं हेच चाललं होतं. पाण्याचा लोट कमी-जास्त होत होता, ते केवळ त्या झुडपामुळे कळत होतं. एरवी सगळं एकसारखंच वाटतं.

कुणीतरी आपल्या गटाला राजकन्येची गोष्ट सांगत होतं. ती तळ्यात आंघोळ करून सोन्याच्या कलशातून दूध प्यायची, एकदा राजपुत्र झाडाआडून बघताना दिसला म्हणून तिनं दूध ओतून आडोसा केला, तोच हा दूधसागर. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "एवढ्या जंगलात दूध नासलं कसं नाही?"

खालचा डोह हिरवागार. जॅकेट घालून लोक डुंबत होते, कुणी कडेच्या दोरापलीकडे गेला की शिट्टी. पाण्यात पाय घातला तर घोट्यापर्यंत बधिर. अण्णांनी ओंजळ भरून डोक्यावर घेतली, नर्मदेत घेतली होती तशी. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राला आणि तिथून फोंड्याच्या, पणजीच्या नळांना जातं, उरलेलं मांडवीला मिळतं.

मग अण्णांनी धबधब्याकडे जवळजवळ पाठच केली म्हणा. म्हणजे तोंड तिकडेच, पण नजर पुलावर. मधल्या उंचीवर, धबधबा आडवा कापत दगडी कमानींचा रेल्वेपूल जातो. पाणी पुलाच्या वरून येतं आणि कमानींखालून निघतं. "गाडी आल्याशिवाय हलायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. ड्रायव्हरनं दीड तास दिला होता. त्यातला तास पुलाकडे बघण्यात गेला. हुबळीचं जोडपं आमच्याशेजारी येऊन बसलं, बांधून आणलेली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी आम्हाला दिली आणि तेही पुलाकडे बघायला लागले. कारण कुणी विचारलं नाही.

आली तेव्हा आधी शिट्टी कड्यावर आपटून आली. डावीकडून इंजिन, मग वाघिणी. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन वर जाणारी. इतक्या खालून ती काडेपेट्यांची माळ दिसत होती आणि इतकी सावकाश, की पूल ओढून नेतोय की गाडी, कळू नये. अण्णा वाघिणींच्या हिशोबाला बोटं मोजत नव्हते, पेरं मोजत होते, जुन्या पद्धतीनं. शेवटी ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, आणि तिच्या मागे ढकलणारे बँकर.

अण्णा उभे राहिले आणि हात खांद्याच्या वर आडवा धरून सावकाश हलवला. सिग्नल होता तो, टाटा नव्हे. वरून दिसणं शक्य नव्हतं. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे मी त्यांना मागे सांगितलं होतं तेव्हा त्यांचं तोंड कडू झालं होतं.

खाली बसत म्हणाले, "वरनं बघायचो तेव्हा इथं कुणी नसायचं. नुसते दगड. मला वाटायचं, तिथं बसून गाडी कशी दिसत असेल."

"कशी दिसली?"

"लहान."

परतीच्या वाटेवर सुतळी टिकली. डाव्या बुटाचा तळ जीपमध्ये चढताना सुटला.

तिसरा दिवस

परतीची गोवा एक्सप्रेस दुपारनंतर कुळ्याला येते, म्हणून सकाळ हातात होती. बुटांची जोडी वहिनींच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवली, बाजारातून रबरी चप्पल घेतली आणि रिक्षानं मोलेमार्गे तांबडी सुर्ला. मोल्याहून बारा-तेरा किलोमीटर आत, घाटाच्या पायथ्याशी, कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ. नाव तांबडी, माती तांबडी, देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचं. हा दगड गोव्याच्या या भागातला नाही, घाटापलीकडून आणलेला मानतात. दगडावर दगड नुसते बसवलेत, चुना नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातली कितीतरी देवळं पडली, हे जंगलात आडबाजूला होतं म्हणून राहिलं. मंडपात नंदी आहे, त्याला डोकं नाही. एका खांबाच्या पायाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय. सकाळी साडेआठला आम्ही दोघं, एक पुजारी आणि शेजारून वाहणारी नदी, एवढेच होतो. आदल्या दिवशीच्या गर्दीनंतर हे फार बरं वाटलं. ज्यांना दूधसागरला जायचंय त्यांनी ही सकाळ राखून ठेवा, एवढाच सल्ला देते.

दुपारी वहिनींकडे शीत-कडी, म्हणजे भात आणि माशांची आमटी, तळलेला बांगडा, सोलकढी. अण्णा शाकाहारी, त्यांना वरण-भात आणि वालीची भाजी. बांगड्याकडे त्यांनी एकदा बघितलं. लोंढ्याच्या अकरा वर्षांत नक्की काय-काय खाल्लं हे आईला अजून माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही.

गाडी आली. मागे बँकर लागले तसा डब्याला मागून एक धक्का बसला. "लागला," अण्णा म्हणाले. चढ सुरू झाल्यावर मागचा-पुढचा दम वेगवेगळा ऐकू येतो, आणि मधल्या डब्यात आपण दोन्हींच्या ताब्यात असतो.

सोनावळी स्टेशन सोडल्यावर डब्यातली माणसं एका बाजूला व्हायला लागली. फेरीवाल्यानं कांदाभज्यांची टोपली वरच्या बर्थवर ठेवली आणि तोही खिडकीशी आला. एका वळणावर दरी उघडी पडली आणि पलीकडे दूधसागर, पूर्ण. चारही टप्पे, शेंड्यापासून तळापर्यंत, मधोमध पुलाची बारीक रेघ. कालपासून ज्याच्या अंगाखांद्यावर होतो तो अख्खा दिसला तो इथूनच, दूरवरून. पावसाळ्यात हेच बघायला लोक रुळांवरून चालत येतात. ते धोक्याचं आहे, त्याला मनाई आहे, आणि २०२३ च्या जुलैमध्ये अशांना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. पोलिसांना नावं ठेवायच्या आधी या बोगद्यांत रुळांच्या बाजूला किती जागा आहे ते बघून घ्यावं.

मग पूल आला. पलीकडून बघताना जी रेघ होती तिच्यावर आता आम्ही होतो. एका अंगाला हात लांब केला तर भिजेल इतक्या जवळ पाणी, दुसऱ्या अंगाला काही नाही, नुसती खोली. सगळे पाण्याकडच्या खिडक्यांना चिकटले होते, फोन वर धरून. अण्णा एकटे उलट्या बाजूला. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. खाली हिरवा डोह रुपयाएवढा. जीपची वेळ संपून गेलेली, एकही केशरी ठिपका नाही. दगड दिसत होते. आम्ही बसलेला दगड कुठला ते मला ओळखता आलं नाही. अण्णांनी बोट केलं, पण तेवढ्यात बोगदा आला.

अंधारात त्यांनी खिडकीची काच खाली ओढली.

"करंझोळला चहा नाही मिळत. कॅसलरॉकला घेऊ."